मागच्या भिंतीची भोकं

चिरंजीव भैरू यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा मालोजी याचा पोलादपूरच्या डोंगरातून दासगावपर्यंत पोचेल तेवढा आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? शेक घेतोस ना? इकडे सगळं ठीक, तू बांधलेली मागची भिंत सोडून. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र ऋत्विकच्या हाती पाठवतोय (आमचा शेजारी, महाडच्या एमआयडीसीत पाळीला जातो, त्याला चहा दिल्याशिवाय सोडू नकोस, नाहीतर मलाच ऐकवील).

तर भिंतीने पोट काढलंय. तळीये गाव दरडीखाली गेलं तेव्हापासून वाडीत पावसाचा जोर वाढला की कुणाच्या घरी टोप जरी पडला, तरी माणसं ताटावरून उठून अंगणात पळतात. डोंगराची माती घरावर येऊ नये म्हणूनच तर तुझ्यासारख्या गवंड्याकडून भिंत बांधून घेतली. आता मला डोंगरापेक्षा भिंतीचीच धास्ती. तुझी बहीण विठा भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापते आणि निम्म्या करपवते. मी काही घाबरलेलो नाही. मी फक्त चपला घालून जेवतो.

काल पंचायतीतून एक साहेब पाहणीला आला. भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "हिची वीप होल कुठे आहेत?" मी म्हटलं, "ते काय असतंय?" तर बिचाऱ्याने भर पावसात समजावून सांगितलं. डोंगराला टेकून बांधलेल्या भिंतीत मुद्दाम ओळीने सोडलेली भोकं, आत नळीचे तुकडे घातलेली, म्हणजे वीप होल. मागे मुरलेलं पाणी तिथून निघून जातं. भोकं नसली तर पाणी मागे तुंबतं आणि भिंतीला ढकलतं. अशी भिंत माती अडवायला असते, पाणी अडवायला नव्हे. एवढं सांगून, मागच्या खोलीत बसू नका, असा दम देऊन गेला. आता वाडीत हाच शब्द चाललाय. चंद्राबाईच्या पडवीत कौलांतून पाणी गळतं, त्यालाही ती वीप होल म्हणते. मी तिला म्हटलं, "बाय गो, आपसूक पडलं ते गळकं, मुद्दाम ठेवलं ते वीप होल." तिला काही ते पटलं नाही.

असो. सगळ्या वाडीसमोर मी तुझं नाव घेतलं, म्हटलं, "आमच्या मेव्हण्याला अक्कल नाय, त्याने भोकं ठेवलीच नाय." विठाचा चेहरा उतरला. भावाबद्दल असं ऐकून घेणं तिला जड गेलं. तू रागावू नकोस.

तुझा,
मालोजी

ता. क. भोकं तू ठेवली होतीस. मी बुजवली. खाचराच्या बांधाला खेकड्याने भोक पाडलं की चिखल थापायचा, उभा जन्म हेच केलं रे. भिंतीत ओळीने भोकं बघून वाटलं, मेव्हणा काम अर्धं टाकून गेला. तुझ्याच उरलेल्या सिमेंटने बुजवली आणि वर चुना मारला. आता तू हत्यारं घेऊन ये, चूक तुझीच म्हणून सांग आणि उघडून दे. विठाला कळू देऊ नकोस. या पत्राचं काम एवढंच.

आणखी एक. धीर धरवेना म्हणून पहारीने एक भोक आत्ताच उघडलं. पाणी जोरात आलं, पण लाल आलं. बांधातून गढूळ पाणी यायला लागलं की बांध टिकत नाही, हे मला कुणी सांगायला नको. भैरू, मला फार भीती वाटतेय. गुरं सोडली, विठाने कोंबड्या घेतल्या, आम्ही खालच्या शाळेत चाललोय. पत्र ऋत्विकला वाटेतच देतो. विठाला सगळं सांगून टाकलं. माझा लिहिता हात तिने घट्ट धरून ठेवलाय, म्हणून अक्षर असं आलंय. तू वर येऊ नकोस.