साक्षीदाराची सही

प्रिय ताई,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. खोडत नाही, पण आज ते मनापासून लिहिलेलं नाही, एवढं समजून घे.

तुझा लिफाफा परवा आला. आत फॉर्म, त्यावर पेन्सिलीने केलेली फुली, आणि चिठ्ठीत एकच ओळ, 'इथे सही करून फादरांकडे दे.' बाबांना जाऊन अकरा दिवस झाले आणि तुला मला लिहावंसं वाटलं ते एवढंच. फॉर्मवर छापलंय, 'मरणासन्न व्यक्तीने शुद्धीवर असताना, स्वतःच्या इच्छेने बाप्तिस्मा मागितला.' खाली तुझी सही, फळ्यावर लिहितेस तशा सुबक अक्षरात. शेजारी साक्षीदार म्हणून मी. ताई, प्रगतिपुस्तकावर मी आईची खोटी सही केली होती, तेव्हा माझा कान धरून मला कबुलीजबाबाला नेणारी तूच होतीस ना? आता सिस्टर झालीस म्हणून तुझ्या हातचं खोटं पवित्र झालं का?

त्या गुरुवारी दुपारी मी औषधं घेऊन वर आले तेव्हा दारातच थांबले. तू बाबांवर वाकली होतीस. गोळ्या गिळायला ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यातून तू त्यांच्या कपाळावर तीनदा पाणी घातलंस आणि पुटपुटलीस. उशी भिजली होती. तू वळून मला पाहिलंस, ओठांवर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "शुद्ध नाहीये त्यांना. आता काळजी नाही." मग चारची बस गाठायला निघालीस. मी हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. तेव्हाच तुझा हात धरला नाही, याचा रागही मला आहे. तो माझ्यावरचा. त्याचं मी बघते.

मरणाच्या दारातल्या माणसाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे मलाही ठाऊक आहे. पण मोठ्या माणसाला तो स्वतः मागावा लागतो. तीस वर्षं त्यांनी मागितला नाही. आईशी लग्न करताना मुलांना चर्चमध्ये वाढवीन अशा कागदावर सही केली आणि शब्द पाळला. दर रविवारी आपल्याला स्कूटरवरून चर्चला न्यायचे, आपण आत, ते बाहेर. आतली मिस्साची प्रार्थना संपेपर्यंत सीटवर बसून लोकांचे बिघडलेले प्लग उघडायचे. चर्चच्या पंख्यापासून वेदीवरच्या दिव्यापर्यंत सगळं वायरिंग त्यांच्या हातचं, तेही फुकट. फादर गमतीने म्हणायचे, "वायरमन, कधीतरी शिडीवरून उतरून बाकावरही बसा." बाबा म्हणायचे, "तुमच्या देवाला उजेड मी देतो फादर, अंधारात त्याने मला ओळखलं नाही तर बघू." फादर पोट धरून हसायचे. तू हसायची नाहीस. बारा वर्षांची होतीस आणि बाबा नरकात जाणार म्हणून उशीत तोंड खुपसून रडायचीस. मी शेजारीच झोपायचे, मला सगळं ऐकू यायचं.

म्हणून तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. आणि मी चार बुकं शिकले म्हणून देव सोडला, असंही तुझ्या कॉन्व्हेंटात सांगत फिरू नकोस. मी मानते. तू मागच्या पत्रात लिहिलंस ना, 'खऱ्या श्रद्धेवाचून तारण नाही'? तेही मानते. म्हणूनच तर डोकं फिरलंय माझं! श्रद्धा इतकी गरजेची असेल तर ती झोपलेल्या माणसाच्या कपाळावर पेल्याने ओतता येते का? मग देवाने माणसाला 'नाही' म्हणायची जीभ दिली कशाला? तुझ्याच धर्मशिक्षणाच्या पुस्तकात लिहिलंय की कुणावरही श्रद्धेची सक्ती करायची नाही. त्याच पुस्तकात हेही आहे, की ज्याला स्वतःचा काही दोष नसताना ही वाट दिसली नाही, पण जो खऱ्या मनाने शोधत राहिला, त्यालाही देव दूर लोटत नाही. ती पानं तू मुलांना शिकवतेस की सोडून पुढे जातेस? बाबांचं काय करायचं ते देवावर सोडायला तुझ्याच्याने झालं नाही. सांग बघू, आपल्या दोघींत अविश्वासू कोण?

दफनाच्या दिवशी तू आईला जवळ घेऊन म्हणालीस, "बाबा आपले झाले." इतकी वर्षं कोणाचे होते गं ते?

माझी पदवीची चौकट बाबांनी स्वतः भिंतीत भोक पाडून लावली, आठवतं? पातळी तीनदा तपासली. मग म्हणाले, "चला, न वाचता सही करणार नाही असं एक माणूस घरात झालं." ते स्वतः कसे होते? नव्या इमारतीचं वायरिंग न तपासता 'सुरक्षित आहे' म्हणून सही दिली नाही, तर ठेकेदाराने दोन वर्षं त्यांना दारात उभं केलं नाही. आई तेव्हा कुरकुरायची, "एक सही केली असती तर हात झडला असता का?" तेव्हा ते म्हणाले होते, "माझा नाही, पण कुणाचा तरी झडला असता." त्या माणसाच्या नावावर तू हा कागद लावणार?

फादर म्हणतात, चर्चच्या दफनभूमीत बाबा जिथे आहेत तिथेच राहतील, त्यांना तिथून कुणी हलवणार नाही. म्हणजे सही जागेसाठी नको आहे. सही आईला हवी आहे. रोज संध्याकाळी भांडी पुसताना ती विचारते, "त्यांनी मागितला ना गं? तू होतीस ना तिथे?" मरणानंतर आपली दोघांची ताटातूट होणार, या धास्तीत तिने तीस वर्षं काढली. आता ती गाढ झोपते. आणि तिची ती झोप तू माझ्या सहीवर टांगून ठेवलीस. मी 'हो' म्हटलं तर खोटारडी, 'नाही' म्हटलं तर आईची वैरीण. वा ताई! अकरा दिवस मी 'पातेलं दे', 'झाकण कुठे गेलं' असं काहीबाही बोलून वेळ मारून नेते आहे.

आता जे सांगायला पत्र लिहायला बसले ते सांगते. बाबांनी मला ते तुला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि मी त्यांचा शब्द मोडते आहे. तू जिना उतरलीस आणि त्यांनी डोळे उघडले. घाम पुसावा तसं कपाळ पुसलं आणि विचारलं, "गेली का थोरली?" ते जागे होते, ताई. पहिल्या थेंबापासून जागे होते. मी म्हटलं, "बाबा, मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "लहानपणी माझ्यासाठी रडायची ती. आता तिने रडू नये असं वाटलं. तिला सांगू नकोस, जागा होतो म्हणून." मी विचारलं, "पण तुम्हाला हवा होता का?" त्यांनी मान हलवली. होकाराची नव्हे. मग पाणी मागितलं आणि त्याच पेल्यातून प्यायले. हे सगळं मी फॉर्मच्या मागच्या बाजूला त्यांच्याच शब्दांत लिहिलं आहे, आणि त्याखाली सही केली आहे. पुढची साक्षीदाराची जागा कोरी आहे. रविवारी मिस्सानंतर फादर बाप्तिस्म्याची नोंदवही उघडतील, त्याआधी मी तो त्यांच्या हातात देणार. तू शनिवारी ये. आईला आधी तुझ्या तोंडून कळू दे, मी शेजारी बसेन. नाही आलीस तर मी एकटी सांगेन, पण मग पुन्हा मला 'प्रिय' लिहायला लावू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी