साखरेची सुई

प्रिय दमार,

तुझी शाळा कशी चालली आहे? जकार्तातली पोरं आपल्या योग्याकार्ताच्या मास्तरांना घाबरत नाहीत म्हणे, कारण आपण रागावतो तेही हळू आवाजात. इकडची बातमी अशी, की परवा आपल्या घरी कच्च्या फणसाचं गुदेग शिजलं, आणि तेही गूळ घालून. फणसाचा तो गोड वास कुंपणापलीकडे गेला, तशा शेजारच्या बू सुमिराह येऊन विचारू लागल्या, "कुणाचं लग्न ठरलं की काय?"

तुझ्या गुडघ्यातली गाठ काढली त्या वर्षी आईने, आपल्या इबूने, घरातला गूळ आणि साखर वाटून टाकली. साखरेवर कॅन्सर पोसतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सगळं गाव गोड खाणारं आणि आपण तिघं फणस तिखटमिठावर गिळत बसलेलो. तू ताटावर म्हणायचास, "इबू, आजार पळाला असेल, पण पाहुणेही पळाले." ती हसायची, गूळ मात्र आणायची नाही. तू नोकरीला गेलास तरी आणला नाही.

गेल्या आठवड्यात ती डबा द्यायला माझ्या प्रयोगशाळेत आली आणि पहिल्यांदाच आत शिरली. मी तिला सूक्ष्मदर्शकातून हाडाच्या कॅन्सरच्या पेशी दाखवल्या. म्हटलं, यांना इन्शुलिन दिलं की या साखर जास्त ओढतात. गळ्यातल्या बारक्या ग्रंथींचं एक संप्रेरक असतं, हाडांवर हुकमत चालवणारं. ते दिलं तरी ओढतात. ती एकदम ताठ झाली. "म्हणजे माझंच खरं होतं."

"अर्धं," मी म्हटलं. "साखर रक्तात असतेच, इबू. भातातून येते, आणि काही खाल्लं नाही तर शरीर स्वतः बनवतं. तू गूळ बंद केलास म्हणून या उपाशी राहत नाहीत. किती साखर आत घ्यायची ते ही संप्रेरकं सांगतात. ते सांगणं कसं थांबवता येईल, हेच आम्ही शोधतोय."

बराच वेळ ती भिंगातून बघत राहिली. मग म्हणाली, "मी पोराला बेचव खाऊ घालत होते तेव्हा तू कुठे होतीस?"

"शिकत होते."

"भारीच सावकाश शिकलीस." आणि संध्याकाळी बाजारातून गूळ आला.

आता मुद्द्याचं. तुझ्या दवाखान्यातून मला फोन आला होता. गाठ परतली का ते बघायच्या तपासणीला तू दोनदा वेळ घेऊन गेला नाहीस. त्यात साखर टोचतात, म्हणून ना? इबूची भीती तिच्यातून निघाली आणि तुझ्यात राहिली. अरे, ती साखर चिमूटभरही नसते. तिला किरणोत्सारी खूण लावलेली असते, म्हणजे शरीरात कोण ती हावरटासारखी ओढतंय ते चित्रात दिसतं. उपाशीपोटी बोलावतात तेही इन्शुलिन शांत राहावं म्हणून. नाहीतर साखर स्नायूंतच शिरते आणि चित्र बिघडतं. मला वाटतं, तुला खरी धास्ती साखरेची नाही, चित्रात काय दिसेल याची आहे. ती मलाही आहे. म्हणूनच हे पत्र मी टपालात टाकलं नाही. ते घेऊन आलेली बाई तुझ्यासमोर उभी आहे. उद्या सकाळची वेळ तिने स्वतः फोन करून घेतली आहे, आणि "तो हो म्हणेपर्यंत मी बसणार नाही," असं मला बजावूनच ती गाडीला निघाली आहे. हल्ली इबूला फार वेळ उभं राहवत नाही. लवकर हो म्हण.

तुझी ताई,
म्बाक वेनिंग