बाजेखालच्या बारा इटा

आत्याबाई,

'प्रिय' लिहिणार होते, पण तुम्हीच हसला असतात. वीस वर्षांत मी तुम्हाला कधी प्रिय नव्हते आणि तुम्ही मला नव्हतात. मेलेल्या माणसाशी कशाला खोटं बोलायचं?

अंगणात सहा गोधड्या भिजत पडल्यात, भांडी ओट्यावर पालथी घातलीत. दसरा काढायला घेतलाय. घटाच्या आधी घरातलं चमच्यापासून चटईपर्यंत सगळं बाहेर काढून धुवायचं, हे तुम्हीच मला शिकवलं, तेही शिव्या घालून. एवढं काम पडलंय तरी हात पुसून लिहायला बसले, कारण सकाळी तुमच्या लेकानं माझ्या हातातली बादली हिसकावून घेतली. "फरशीवर पाणी टाकू नको, विमल," म्हणाले. मग स्वतः गुडघ्यावर बसून सगळी खोली फडक्यानं पुसली, वरून आपल्या टॉवेलनं कोरडी केली, आणि कुठं ओल राहिली का ते तळहात फिरवून बघत राहिले. मी दारात उभी होते. मला एक शब्द बोलता आला नाही.

का बोलता आला नाही, ते जगात फक्त तुम्हाला माहीत आहे.

आठ वर्षांमागं मामंजी गेल्यावर तुम्ही मुदखेडकडचं गाव सोडून आमच्याकडं नांदेडला आलात. सोबत तुमची बाज, एक लोखंडी पेटी आणि तुमची जीभ. आमच्या दोन खोल्या. माळा नाही, कपाट नाही, भिंतीत एक कोनाडा, तोही देवांनी अडवलेला. आम्ही दोघं, दोन पोरी आणि आता तुम्ही, माझी शिलाई मशीन, लोकांच्या ब्लाउजपिसांची गाठोडी, वर्षाची ज्वारी. कुठं ठेवायचं सगळं? सांगा ना!

मग मी डोकं चालवलं. तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे आणले, एका अंगानं कापले, कडा पकडीनं आत वळवल्या आणि आडवे करून भिंतीला ठोकले. झाल्या फळ्या! ह्यांच्या जुन्या पँटींचे खिसे उसवून एका चादरीवर शिवले आणि ती चादर दारामागं टांगली. कंगवा, कात्री, लाईटबिल, गोळ्या, सगळं त्यात. पातेल्यांची झाकणं अडकवायला पडद्याची स्प्रिंग दोन खिळ्यांना ताणली. स्वेटरं, शाली उशांच्या खोळीत भरल्या, म्हणजे उशा विकत आणायला नकोत. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. "विमल, लई डोस्कं हाय गं तुला," म्हणायच्या.

आणि तुम्ही? तुम्ही ओट्यावर बसून, ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या घरात माणसं कमी न् डबडी जास्ती. एक दिवस ही बया मलाबी एखाद्या डब्यात कोंबील."

बायका हसायच्या. मीही हसायचे. आत नुसती आग व्हायची हो!

तुम्ही खोळीतली स्वेटरं काढून पेटीत घालायच्या, स्प्रिंगवरची झाकणं काढून चुलीजवळ रचायच्या. "झाकन भांड्यावरच असावं," म्हणे. मी कुठली वस्तू कुठं ठेवली ते मलाच सापडू नये असा बंदोबस्त. मी काही गरीब गाय नव्हते. तुम्हाला आवडतो म्हणून लसणाचा ठेचा मी मुद्दाम सगळ्यात वरच्या डब्यात ठेवायचे, जिथं तुमचा हात पुरणार नाही. मागितला की देत होते. पण मागायला लावत होते. ह्याला काय म्हणतात ते मला कळतं.

गेल्या साली दसरा काढताना ज्वारीचे सहा डबे राहून राहून पायात येत होते. तुमच्या बाजेखाली जागा होती, पण डबे बाजेपेक्षा वीतभर उंच. मी शिलाईचा टेप घेऊन बाजेच्या खुराचं माप घेत होते. तुम्ही पडल्या पडल्या एक डोळा उघडलात.

"माझं माप घेऊन राहिलीस काय गं? अजून टैम हाय."

"तुमचं न्हाई, बाजेचं घेऊन राहिले."

"एकच हाय ते."

आत्याबाई, तेव्हा मला हसू आलं होतं. तुम्हालाही आलं असावं. तिथंच थांबलो असतो तर? पण त्याच सकाळी मी तुमची पेटी उघडली. झुरळं झाली होती म्हणून उघडली, देवाशपथ! आतली दोन विटकी लुगडी मी फाडून फडकी केली. तुम्ही बघितलं. ती तुमच्या आईची लुगडी होती, हे मला तुम्ही रडायला लागल्यावर कळलं. तुम्हाला रडताना मी मामंजींच्या वेळीही बघितलं नव्हतं. मी माफी मागायला पाहिजे होती. मी काय म्हणाले? "मग आधी सांगायचं होतं, एवढी आईची होती तर."

झालं. अबोला धरलात. आपल्या घरातला अबोला म्हणजे साधा नाही. पाणी पाहिजे तर पोरींकडून निरोप, आणि पोरी शाळेत असल्या तर तहानलेलं बसायचं, पण हाक मारायची नाही. तुम्ही मारत नव्हत्या, मीही मारत नव्हते. कोण आधी बोलंल त्याची हार.

तुम्ही ओट्यावर उन्हात बसलात, तेवढ्यात मी कंपाउंडच्या कडेला पडलेल्या इटा आणल्या. एका खुराखाली तीन. चार खुरांखाली बारा. बाज मांडीएवढी उंच झाली, खाली सहाच्या सहा डबे आरामात बसले. मला इतका आनंद झाला की काय सांगू! फुकटात, एका तासात, अख्खी कोठी तयार. तुम्हाला आत आणलं, काखेत हात घालून वर बसवलं. तुमचे पाय लोंबत राहिले. तुम्ही खाली बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. बोलला नाहीत. मीही बोलले नाही. 'उतरताना हाक मारा' एवढे तीन शब्द होते. तीन शब्दांत मी हरणार होते का?

दुपारी तुम्ही झोपेतून उठलात. सात वर्षांच्या सवयीनं, भुई जिथं असायची तिथं पाय टाकलात. भुई तिथं नव्हती.

मी अंगणात गोधडी पिळत होते. आवाज आला. पळत आले तर तुम्ही फरशीवर आडव्या, एक पाय वाकडा, तोंड उघडं. आता पुढचंही लिहिते. मी तुम्हाला उचललं नाही. कुणाला हाकही मारली नाही. आधी बाजेखालचे डबे ओढले. मग एक एक खूर खांद्यावर उचलून इटा काढल्या. तुम्ही कण्हत होतात आणि मी इटा मोजत होते, एखादी राहायला नको म्हणून. बाराच्या बारा नेऊन परत कंपाउंडला लावल्या, फरशीवरचा लाल भुगा झाडला, आणि मग बोंब मारली. तुम्ही सगळं बघत होतात. एवढा वेळ माझ्यावरची नजर काढली नाहीत.

ह्यांना कामावर, कापसाच्या जिनिंगवर फोन गेला, ते थेट दवाखान्यात आले. खुब्याचं हाड मोडलं होतं. "आई, कशी पडलीस गं?" मी पायथ्याशी उभी होते. म्हटलं, संपलं आता. ही बाई वीस वर्षांचा हिशेब चुकता करणार. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "फरशी वली होती रे. पाय घसरला."

अहो, तुम्ही काय बोलून बसलात ते तुम्हाला कळलंच नाही! त्या सकाळी, तुम्ही बाहेर असताना, माझं काम हलकं व्हावं म्हणून ह्यांनीच त्या खोलीत दोन बादल्या पाणी मारलं होतं आणि मग ड्युटीवर गेले होते. फरशी तासाभरात वाळली होती. दुपारी तर ठणठणीत कोरडी होती, मी स्वतः तिच्यावर गुडघे टेकून इटा काढल्या. पण हे त्यांना कसं कळणार? त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मी बघितलं, आणि मी गप्प बसले.

ते औषध आणायला गेल्यावर तुम्ही मला बोटानं जवळ बोलावलंत. अबोला तुम्हीच मोडलात. म्हणालात, "तुझं न् माझं कवा पटलं न्हाई. पर घर मोडून न्हाई जायाची म्या." मी काय म्हणावं? पाया पडावं, रडावं, काही तरी! मी म्हटलं, "पाणी देऊ का?" तुम्ही मान हलवून हाव म्हणालात. अकराव्या दिवशी छाती भरून आली आणि गेलात.

खरं सांगू? तुम्ही गेल्यावर महिन्याभरात तुमच्या कोपऱ्यात मी कोठी मांडली. लई जागा झाली. मोकळं वाटलं. रडायला यावं म्हणून वाट बघितली, पण आलं नाही. मला वाटलं, सुटले.

पण तुमचा लेक सुटला नाही ना. वरीसभर हा माणूस घरात पाय टेकवताना आधी खाली बघतो. पोरींच्या हातून पेला सांडला तर अंगावर ओरडतो, मग स्वतःच पुसत बसतो. तुमच्या फोटोपुढं उभा राहतो आणि काही मागत नाही. आज सकाळी फरशी पुसून झाल्यावर तिथंच बसले आणि म्हणाले, "म्या पानी टाकलं नसतं तर आई असती, विमल." मी म्हटलं, "असं नका म्हणू." तेवढंच. जन्मभर तुम्हाला तोंडावर उत्तर दिलं, आणि तुमच्या लेकाला एक खरं वाक्य देताना माझी जीभ टाळ्याला चिकटली!

राग येतो तुमचा. माझ्यावर उपकार करायला कुणी सांगितलं होतं? 'हिनं पाडलं' म्हणाला असतात, त्यांनी मला हाकललं असतं, भांडण झालं असतं, मिटलं असतं नाहीतर नसतं मिटलं. मला वाचवायला गेलात आणि घाव पोटच्या पोरावर घातलात. आणि मी त्या घावाआड वरीसभर लपून राहिले. तुमची चूक न कळता झाली. माझी रोज कळून होते.

लुगडी फाडली त्याची माफी मागते. ठेच्याचीही. इटांची माफी मी तुमच्याकडं मागणार नाही, ती तुमच्याकडं मागून भागायची नाही.

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं. गावाकडून, देगलूरच्या तुमच्या भावाकडून जे काही पत्र यायचं, ते तुमचा लेकच तुमच्यापुढं बसून मोठ्यानं वाचायचा. सहा वाजता ते कामावरून येतील. तुम्हाला शब्द देते, आत्याबाई: त्यांना चहा द्यायच्या आधी तुमच्या फोटोपुढं बसवीन, हा कागद त्यांच्या हातात ठेवीन आणि म्हणेन, आईला पत्र आलंय, वाचून दाखवा. शेवटच्या ओळीपर्यंत मी समोरून उठणार नाही.

तुमची सून,
विमल