चुणीची फुलं आणि स्टेपलर

२ जानेवारी, शुक्रवार
केयूरचा जबडा फोडायचा. नव्या वर्षाचा निश्चय. (काल लिहायचा होता, पण काल पेन भिंतीवर फेकून मारलं.)
कारण: इथल्या मराठी मंडळाच्या हॉलवर सानिका माझ्याशी बोलत होती आणि हा मध्ये तडमडला. कॉफी घेऊन. दोनच कप. एक तिला, एक स्वतःला.
पण ती जे बोलली ते महत्त्वाचं. शकुनआत्यांची ती कापडाची फुलं आहेत का रे अजून, असल्या फुलांची गोधडी मला फार आवडेल, म्हणाली. मुलगी याहून स्पष्ट काय बोलणार?

३ जानेवारी
आत्या गेली तेव्हा ताईला बांगड्या मिळाल्या, मला सूटकेसभर फुलं. उरल्यासुरल्या तुकड्यांची. कापड गोल कापायचं, कडेने धावदोरा घालायचा, दोरा ओढला की बटव्यासारखं तोंड आवळतं, मग चपटं करायचं. लहानपणी दोरा ओढायचं काम माझं. तुटेपर्यंत ओढायचो. आत्या म्हणायची, सलील, कुणाचा गळा नाही रे आवळायचा.
प्लॅन: फुलाला फूल जोडून गोधडी. संक्रांतीच्या हळदीकुंकवात सगळ्यांसमोर सानिकाला. आधी गोधडी, मग जबडा.
आई म्हणाली, इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलंस, हे तरी पुरं कर. मी दार आपटलं. कडी निखळली.

५ जानेवारी
आत्याला फिनिशिंग नव्हतं. प्रत्येक फुलामागे दोऱ्याची शेपटी लोंबतेय. सगळ्या छाटल्या. सपासप. प्रत्येक शेपटीला मनात केयूर म्हटलं. फार बरं वाटलं.
संध्याकाळी: फुलं उघडतायत! गाठ शेपटीत होती. अर्धी सूटकेस म्हणजे आता चुरगळलेल्या चकत्या. कात्री खिडकीबाहेर भिरकावली. खाली बंगाली शेजारी मित्रबाबूंच्या कुंड्या. एक डेलिया ठार. मित्रबाबू वर येऊन बाबांना म्हणाले, आपला मुलगा खुनी आहे. फुलाला इतकं कोणी लावून घेतं का?

७ जानेवारी
अस्तराला कापड आणायला एस्प्लनेडच्या बाजारात. फूटपाथवाल्याने लाल म्हणून दिलं ते उन्हात केशरी. त्याचा गठ्ठा उलथवला. तो म्हणाला, दादा, माथा गॉरम कोरबेन ना, म्हणजे डोकं तापवू नका. मी म्हटलं, आम्हा मराठ्यांच्या भीतीने तुम्ही बंगाल्यांनी बागबाजारला खंदक खणला होता, विसरू नका. तो शेजारच्याला ओरडला, ओरे, बोर्गी एशेछे! (म्हणजे, मराठे लुटारू आले!) अख्खी रांग खिदळली. मी हसणाऱ्याची कॉलर धरली. तो गिऱ्हाईक निघाला. त्याने कानाखाली काढली.
डावा कान वाजतोय. केशरीच आणलं. तसंही ते जास्त मराठी दिसतं.

९ जानेवारी
बोटांची चाळण. सुई अंगठ्यात घुसून तुटली. चादरीभर रक्त. आई किंचाळली. मला भरून आलं. मग कळलं, चादर नवी होती.
सुई हे भेकड हत्यार आहे. मागून वार करतं.

११ जानेवारी, रविवार
केयूर हॉलवर पताका लावत होता. म्हणाला, अरे, बोटांना काय झालं, आणि खिशातून बँडेड काढलं. अपमान! सगळं बळ एकवटून ठोसा मारला. तेवढ्यात त्याच्या हातून बँडेड पडलं, तो वाकला. मागे खांब होता.
उजवा हात सुजून भाकरी. बँडेड केयूरनेच लावलं. हे तो भोगेल.

१३ जानेवारी
डाव्या हाताने शिवणं अशक्य. बाबांच्या ऑफिसचा मोठा स्टेपलर घेतला. धाड धाड धाड! जेवायच्या आत गोधडी तयार. उघडलेल्या चकत्याही आवळून ठोकल्या. आत्याने उगाच जन्मभर टाके घातले.
आई म्हणाली, पिनांची टोकं बाहेर आलीयत रे, पांघरणार कोण हे? आईला मॉडर्न डिझाइन कळत नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
दिली. सानिकाने उलगडली आणि आनंदाने ओरडली. जिंकलो!
मग म्हणाली, अय्या, हे तर आपल्या बालनाट्याचे कपडे! (मंडळाच्या मुलांचे कपडे आत्याच शिवायची. तुकडे उरायचे.) केयूर, हा बघ तुझा राजाचा झगा! हा माझा परकर! दोघं डोक्याला डोकं लावून फुलं शोधत बसले. मी विचारलं, माझं कुठलं? बऱ्याच वेळाने एक करडं सापडलं. मी हत्तीचे मागचे पाय होतो.
केयूर हसला.
गोधडी हिसकावली, त्याच्या डोक्यात घातली, आवळली. तो गुरासारखा ओरडला. पिना त्याच्या कानात, केसांत, भुवईत. मी ओढतोय, तो बोंबलतोय. माझीही बोटं अडकली. दोघं मिळून तिळगुळाच्या टेबलावर कोसळलो. मंडळाच्या सुनंदाकाकू ओरडत होत्या, मेल्यांनो, आज तरी गोड बोला! सानिकाने थोबाडीत दिली. मला. केयूरला तिने नुसतं धरून ठेवलं होतं.
टॅक्सीत आम्ही दोघं एकाच गोधडीत. डॉक्टरांनी पक्कड घेऊन सोडवलं. दोघांना टिटॅनसचं इंजेक्शन. केयूर म्हणाला, आधी याला द्या, हा फार घाबरलाय.

१६ जानेवारी
गोधडी जाळायची. सानिकाचं तोंड पाहायचं नाही.
दुपारी: सानिकाचा मेसेज. आत्यांची फुलं फुकट घालवू नकोस. पिना काढ, तुझ्या आईकडून नीट टाके शिकून घे आणि पुन्हा जोड. मे महिन्यात माझं आणि केयूरचं लग्न आहे. घरच्यांचं ठरवून झालंय, तुला सांगायला सगळे घाबरत होते. आम्हाला दोघांनाही ती गोधडी हवीय. खाली डबल बेडचं माप.
फोन भिंतीवर फोडायला उचलला.
आधी माप उतरवून घेतलं.