बावीस नंबरचा चिमटा

अंबरनाथ पूर्व
८ जानेवारी २०२५

प्रिय देवदत्त,

सप्रेम जय भीम. अंजनीवहिनींनाही सांग, आणि तुझ्या गुडघ्यालाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला.

आमच्या पायलने मला विमानाचा नवा रिमोट आणून दिला. मी लगेच मास्तरकी सुरू केली. स्टिक हलवली की रिमोटमधून जाणारा रेडिओचा ठोका लांब नाहीतर आखूड होतो, सगळ्या स्टिकांचे ठोके एकामागून एक, सेकंदाला पन्नास वेळा हवेतून जातात, आणि त्यांच्या लांबीवरून विमान शेपूट वळवतं.

ती म्हणाली, "पप्पा, ते पुराना झालं. आता रिमोट आणि विमानाची जोडी आधीच लावतात. बाजूला दहा रिमोट चालू असू दे, विमान दुसऱ्याचं ऐकतच नाही."

चोराच्या मनात चांदणं. मला जेवण गेलं नाही.

आपण दोघा शहाण्यांनी कॅम्प तीनच्या बाजारातून रिमोटची लहर ठरवणारे क्रिस्टल एकाच, बावीस नंबरचे आणले होते, आठवतं? म्हणून तो कपड्यांचा चिमटा, वर बावीस लिहिलेला. ज्याच्या अँटेनावर चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. नियम माझाच.

कुळगावच्या माळावर तुझं पिवळं विमान पडलं, तेव्हा चिमटा तुझ्याकडे होता. मी स्कूटरच्या आड बसून, माझ्या विमानाचं शेपूट हलतंय का एवढंच बघायला रिमोट चालू केला. माझे ठोके तुझ्या ठोक्यांत घुसले. झटकन बंद केला, तोवर तुझी आठ महिन्यांची मेहनत भाताच्या खाचरात.

तू आतल्या वायरी बघून म्हणालास, "सोल्डरिंग माझंच कच्चं राहिलं यार." मी मान डोलावली. त्या दिवशी तू सोल्डरिंगची पेटी बंद केलीस, ती एकोणीस वर्षं उघडली नाहीस. प्रत्येक लग्नात तू "आपला हातच कच्चा" म्हणतोस आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसतो. फार लाज वाटते, देवा.

तसंच पिवळं विमान मी बनवलंय. वायरी जोडायच्या राहिल्यात. माझ्या जोडांना तू चिकूच्या बिया म्हणायचास, ते खरंच आहे. रविवारी पेटी घेऊन ये. शिव्याही आण, भरपूर आण, चहा मी ठेवतो.

पत्र पायलच्या हाती देतोय, सोबत चिमटाही आहे. नव्या रिमोटला त्याची गरज नाही. पण रविवारी तो तुझ्याकडेच राहील आणि मी हात मागे बांधून उभा राहीन.

तुझा हात कधीच कच्चा नव्हता.

ते विमान पाडणारा,
नरेंद्र