चित्रातला अंगठा

कारंजा, १२ फेब्रुवारी १९३६

फौजदार साहेब,

तीन पत्रं चुलीत घातली, हे चौथं हाये. मी अंजना, सेठजीच्या हवेलीत भाजी देणाऱ्या रंगराव माळ्याची पोरगी. हिऱ्याच्या हारापायी तुमी मुंबईच्या चित्रकाराले कोठडीत टाकलं. चित्र काढता काढता त्यानंच हार लांबवला, असं सेठाणीबाई सांगून राह्यल्या. खोटं हाये ते.

चित्रात आपलं तोंड काढून झाल्यावर बाई बसून बसून कंटाळल्या. मंग त्याईनं आपला शालू अन् हार मले घालून पाच दिवस त्याच्यासमोर बसवलं. रोज तो गेल्यावर बाईच माह्या गळ्यातला हार काढत, पेटीत ठेवत, किल्ली कमरेले खोचत. त्यानं हाराले बोट लावलं नाही.

सेठजीले हे मालूम नाही. मी तोंड उघडलं तं चोरी माह्यावर येईन. माहं लगन ठरलं हाये; परक्या मानसासमोर बसलेली पोरगी केनवडचे सोयरे तरी सून कायले करतीन?

त्यानं मातर माहं नाव घेतलं नाही. 'चित्र नीट पाहा,' एवढंच तुमाले म्हणाला, असं गावात ऐकलं. तुमी तोंड पाहून वापस गेले. साहेब, हात पाहा. माह्या डाव्या अंगठ्याले वळसा घातलेला विळ्याचा वण हाये. तो त्यानं जसाच्या तसा काढला. सेठाणीबाईनं कधी विळा धरला?

मले सही येते. तरी खाली अंगठाच उठवला. वण जुळवून पाहा.

शाई अजून ओली हाये. चूलबी पेटलेली हाये.

निशाणी डाव्या अंगठ्याची,
अंजना रंगराव