चौकाकडची भिंत

अहो,

सकाळची भांडी राखेने घासत होते. मनमाडला धाकट्या लेकीकडे गेले होते, ती आदल्या रात्रीच परतले होते. तेवढ्यात शेजारची म्हाळसा धावत आली. "काकू, चला! काका चौकात आलेत!"

हातातला तांब्या पडला. "अगं, काय बोलतेस हे?"

"भिंतीवर हो! चित्रात!"

म्हणून लिहिते आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय जीव थाऱ्यावर येईना.

आपल्या घराच्या चौकाकडच्या भिंतीवर, मी नसताना, तुम्हाला रंगवलं होतं. हातात झेंडा, आणि खाली त्या कापडवाल्या शेठचं नाव. 'यांनाच मत द्या'! ज्याच्या विलायती कापडाच्या दुकानासमोर गिऱ्हाइकं अडवून तुम्ही पिकेटिंग केलंत, ज्याने पोलीस बोलावून तुम्हाला धरून दिलं, त्याच्यासाठी मतं मागत उभे होतात! तुरुंगातून तो खोकला घेऊन आलात न् त्यातच गेलात, ते कुणामुळे?

पेंटर शिडीवरच होता. मी विचारलं, "यांच्या तोंडावरचे देवीचे व्रण कुठे गेले?"

"शेठजी म्हणाले, देखणे करा. गोरेही केलेत, बाई. त्याचे वेगळे पैसे नाही घेतले!"

पण डोळे? लहानपणी तुम्हाला पाहिलं होतं म्हणे त्याने; डोळे अगदी तुमचे होते हो.

फोटो काढून घ्या म्हणून किती मागे लागले होते मी! "पुढच्या दिवाळीला बघू," म्हणायचात. आता तुमचं म्हणून जगात एवढंच एक चित्र.

शेठ आला. "वहिनी, जुनं उगाळू नका. आता मीसुद्धा खादी घालतो."

"यांना विचारलंत?"

"गेलेल्या माणसाला कसं विचारणार?"

"मग मी आहे की इथे!"

मागे वर्तमानपत्रात वाचलं होतं. स्पेनात बास्क म्हणून लोक आहेत, त्यांना आपलं राज्य हवंय. भिंतींवर निशाणं न् चित्रं रंगवतात, अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. किती आवडलं होतं मला! आळीतल्या बायकांना वाचून दाखवलं. पण मग खोटंही तसंच पोचणार ना? म्हाळसाच म्हणाली, "काकू, काका शेवटी शेठच्या बाजूचे झाले होते का हो?"

दिवसभर आत-बाहेर करत राहिले. चूल पेटवली नाही. सारखी जाऊन तुमच्यापुढे उभी राहायची.

तुम्ही कधी बोलला नाहीत ते तुमच्या तोंडी मी कुणाला घालू देणार नाही. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. एवढं वचन घ्या, आणि रागावू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुना कालवला आणि भिंत पांढरी केली. डोळ्यांवर चुन्याचा दोनदा हात द्यावा लागला.

तुमची,
यशोदा